पॅरिस ऑलिंपिकचे दिवस आणि त्यांचा हिशेब

३० जुलै २०२४, मंगळवार

पॅरिसमध्ये उतरल्यावर पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती मेट्रोच्या तिकिटाची किंमत. एरवी २.१५ युरोला मिळणारं एका फेरीचं तिकीट खेळांच्या काळापुरतं ४ युरो केलेलं. पासवर प्रवास करणाऱ्या पॅरिसकरांना ही वाढ लागू नव्हती. बाहेरून येणाऱ्यांसाठी जादा गाड्या सोडायच्या, तर त्यांचा भार बाहेरून येणाऱ्यांनीच उचलायचा, असा हिशेब. मला तो पटला. या स्पर्धेबद्दल वर्षभर जे काही वाचत होते, त्यात हाच प्रश्न सतत डोकं वर काढत होता: मजा कोणाची आणि बिल कोणाच्या नावावर?

सामान टाकून संध्याकाळी सीनच्या काठाने चालत निघाले. उद्घाटन सोहळा २६ तारखेला झाला होता. भर पावसात, नदीतल्या ८५ बोटींवरून देशोदेशीचे संघ गेले होते. त्याच दिवशी पहाटे वेगवान रेल्वेच्या मार्गांवर जाळपोळ झाली आणि लाखो प्रवाशांचे हाल झाले. फ्रान्सचं राजकारणही तापलेलंच होतं. अध्यक्ष मॅक्राँ यांनी ९ जूनला संसद बरखास्त केली, ७ जुलैला दुसऱ्या फेरीचं मतदान झालं, कोणालाच बहुमत मिळालं नाही. म्हणजे खेळ चालू होते तेव्हा देशात काळजीवाहू सरकार होतं.

साँ-मिशेल पुलाजवळ भिंतीवर एक फलक आहे. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी शांततेने मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियन लोकांवर पॅरिसच्या पोलिसांनी जी कारवाई केली, तिच्यात मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ तो लावला आहे. कित्येकांना तेव्हा याच नदीत फेकलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी अल्जीरियाच्या खेळाडूंनी बोटीतून सीनमध्ये गुलाब सोडले, ते या माणसांसाठी. खेळात राजकारण आणू नये, असं आपण सहज म्हणून जातो. या फलकासमोर उभं राहिल्यावर मला ते म्हणवेना. ज्या नदीत तुमचे आजोबा बुडवले गेले, तिच्यातून हात हलवत जायचं असेल, तर फुलं टाकणं ही अगदी कमीत कमी गोष्ट झाली.

दुपारीच नेमबाजीत मनू भाकर आणि सरबजोत सिंगचं कांस्य आलं होतं. मनूचं दुसरं. याआधी स्वतंत्र भारताच्या कुठल्याही खेळाडूला एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं मिळाली नव्हती.

३१ जुलै, बुधवार

पुरुषांची ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं यांची सलग शर्यत, काल सीनमध्ये व्हायची होती. पावसामुळे गटारांचं पाणी नदीत उतरलं, जिवाणूंचं प्रमाण वाढलं आणि शर्यत आजच्या दिवसावर ढकलली. सीन स्वच्छ करण्यावर सुमारे १.४ अब्ज युरो खर्च झाले आहेत. ऑस्टरलिट्झ स्थानकाजवळ जमिनीखाली ५० हजार घनमीटरची टाकी बांधली. अतिवृष्टीत सांडपाणी आधी तिच्यात साठवायचं आणि मग शुद्धीकरण केंद्राकडे सोडायचं. महापौर ॲन हिदाल्गो १७ जुलैला स्वतः नदीत पोहून दाखवून आल्या होत्या. तरी दोन दिवसांच्या पावसाने सगळ्यांचा जीव टांगणीला लावलाच.

सकाळी आठला महिलांची शर्यत सुरू झाली तेव्हा मी काठावर, गर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत होते. अलेक्झांडर तिसरा पुलाजवळून उडी. पाण्याला केवढी ओढ आहे ते जलतरणपटू उलट फिरल्यावर कळलं. प्रवाहाच्या दिशेने सपासप गेलेल्या बायका परतताना दगडी भिंतीला चिकटून, इंच इंच पुढे सरकत होत्या. हात तितक्याच वेगाने चालत होते, पण भिंतीवरची एकच कडी किती तरी वेळ त्यांच्या बाजूलाच दिसत होती. शेवटी सुवर्ण फ्रान्सच्याच कासांद्र बोग्राँला मिळालं आणि काठावर अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. पुरुषांमध्ये ब्रिटनच्या ॲलेक्स यीने शेवटच्या काहीशे मीटरांत न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला गाठलं.

या खर्चाबद्दल पॅरिसमध्ये बरीच नाराजी ऐकू आली. माझं मत मात्र वेगळं आहे. नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. पुढे जुलै २०२५ मध्ये सीनवर सर्वसामान्यांसाठी पोहण्याच्या तीन जागा उघडल्या. ऑलिंपिकचा मुहूर्त नसता तर गटारांसाठी एवढे पैसे कुठल्याही सरकारने एकरकमी काढले नसते. ज्या पैशातून शंभर वर्षांनी लोकांना नदी परत मिळते, तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

दुपारी बातमी आली की आपला नेमबाज स्वप्नील कुसाळे ५९० गुणांनी सातवा येऊन अंतिम फेरीत पोचला. संध्याकाळीच ऑस्टरलिट्झहून शातोरूची गाडी धरली.

१ ऑगस्ट, गुरुवार, शातोरू

शातोरू पॅरिसच्या दक्षिणेला सुमारे २७० किलोमीटरवर. फ्रान्सचं राष्ट्रीय नेमबाजी केंद्र इथे आधीपासूनच आहे, म्हणून ही स्पर्धा इथे. ९५ टक्के ठिकाणं जुनी किंवा तात्पुरती वापरायची, हे या ऑलिंपिकचं धोरण. प्रेक्षकांना लांब यावं लागतं हे खरं, पण पॅरिसमध्ये एक नवी रेंज उभारून नंतर तिला कुलूप लावण्यापेक्षा हे शंभरदा बरं.

साडेनऊला अंतिम फेरी. पन्नास मीटर रायफल, तीन स्थिती: आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून, शेवटी उभं राहून. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ असतं जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं. अंतिम फेरीत दशांशाने गुण मोजतात. गोळी दहाच्या वर्तुळात बसली तरी १०.० की १०.९, यावर सगळं ठरतं. नेमबाज जाड, ताठ जाकीट आणि पँट घालून येतात. त्या कपड्यांत त्यांना धड चालताही येत नाही, लाकडी बाहुल्यांसारखे पाय टाकतात. एकदा रायफल खांद्याला लागली की मात्र अख्खा माणूस दगड होतो.

गुडघ्यावरच्या पंधरा गोळ्यांनंतर स्वप्नील सहावा, पोटावरच्या पंधरांनंतर पाचवा. पुढे उभ्याने नेमबाजी, सगळ्यांत अवघड. इथे श्वासाबरोबर नळी हलते, नाडीबरोबर हलते. चाळीस गोळ्या झाल्या की खालचे दोघं बाद, मग प्रत्येक गोळीनंतर एक-एक जण बाद. माझ्या शेजारी गॅलरीत लेकीकडे आलेले एक निवृत्त मराठी शिक्षक बसले होते. ते पडद्याकडे बघतच नव्हते, नुसता स्वप्नीलचा खांदा बघत होते.

"काका, आकडे बघा ना, वर चढलाय तो," मी म्हटलं.

"तुम्ही सांगा. मी बघितलं की माझा हात थरथरतो. त्याचा नको थरथरायला," ते म्हणाले.

एकेचाळीसाव्या गोळीला १०.५. पुढची ९.४, काळजात धस्स झालं. मग ९.९. चौथा बाद झाला तो स्वप्नील नव्हता, तेव्हा काकांनी माझा हात गच्च धरला. चव्वेचाळीसावी १०.०. एकूण ४५१.४, कांस्य. युक्रेनच्या सेर्ही कुलिशला रौप्य, चीनच्या लिऊ युकुनला सुवर्ण. या प्रकारात भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी हे स्वप्नीलचं गाव. वडील शिक्षक. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याला घडण मिळाली आणि २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी. वैयक्तिक पदक महाराष्ट्राकडे येत होतं ते ७२ वर्षांनी. याआधीचं खाशाबा जाधवांचं, १९५२ च्या हेलसिंकीतलं. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं होतं. काकांनी हे बोलून दाखवलं आणि दोघंही थोडा वेळ गप्प झालो. आता सरकार लक्ष देतं, रेल्वे नोकरी देते, परदेशात सरावाला पाठवतात. फरक पडला आहे आणि तो मोठा आहे. तरी पहिली पाच-सात वर्षं, जेव्हा मूल कोणाच्याच यादीत नसतं, तेव्हा गोळ्यांचे पैसे आजही आईबापच भरतात.

३ ऑगस्ट, शनिवार

दिवसभर पायपीट. रात्री मोठ्या पडद्यावर महिलांची १०० मीटर पाहिली. स्टाद द फ्रान्स या मुख्य स्टेडियमवर पाऊस कोसळत होता. सेंट ल्युसियाची ज्युलियन आल्फ्रेड १०.७२ सेकंदांत पहिली. जेमतेम पावणेदोन-दोन लाख वस्तीचं बेट, आणि ऑलिंपिकच्या इतिहासातलं त्यांचं हे पहिलं पदक थेट सुवर्ण. शेजारच्या डॉमिनिकाच्या थिआ लाफाँनेही त्याच संध्याकाळी तिहेरी उडीत देशाचं पहिलं पदक, तेही सुवर्णच, मिळवलं.

४ ऑगस्ट, रविवार

कोलाँबचं इव्ह-द्यु-मान्वार मैदान. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचं हे मुख्य स्टेडियम. तेव्हाची एक जुनी गॅलरी अजून जपली आहे. शंभर वर्षांनी इथे हॉकी. दोन दिवसांपूर्वी भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवलं होतं, ऑलिंपिकमध्ये १९७२ नंतर पहिल्यांदाच. आज उपांत्यपूर्व फेरीत समोर ग्रेट ब्रिटन.

सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड. म्हणजे पुढची चाळीसहून अधिक मिनिटं दहा जणांनी खेळायचं. हरमनप्रीतने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला, ली मॉर्टनने बरोबरी साधली, आणि मग दुसऱ्या अर्धात जे पाहिलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. ब्रिटनच्या लाटांमागून लाटा येत होत्या आणि आपली पोरं वर्तुळात आडवी पडून चेंडू अडवत होती. बचावात एक जण कमी, म्हणजे प्रत्येकाने दीड माणसाचं धावायचं. तिसऱ्या सत्रात तर मनप्रीत, हार्दिक सगळेच पुढे बघायचं सोडून मागे धावत होते. गोलरक्षक श्रीजेशने किती गोल वाचवले ते मोजायचं भानच राहिलं नाही. शूटआउटमध्ये ४-२. राजकुमार पालने शेवटचा गोल मारला तेव्हा आमच्या गॅलरीत ढोल सुरू झाला तो थांबेचना.

५ ऑगस्ट, सोमवार, सँ-दनी

आज एकही सामना नाही. मुद्दाम सँ-दनी बघायला गेले. पॅरिसच्या उत्तरेला असलेलं हे शहर ज्या सेन-सँ-दनी जिल्ह्यात येतं, तो फ्रान्सच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यांत गरीब. ऑलिंपिकचा सर्वाधिक बांधकामखर्च इथेच झाला आहे. नवा जलतरण तलाव इथे, खेळाडूंचं गाव इथे. या भागातल्या सहावीत जाणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना पोहता येत नाही, असं इथले अधिकारीच सांगत आले आहेत. स्पर्धा संपली की तलाव त्यांचा आणि खेळाडूगावात सुमारे २,८०० घरं होणार. ऑलिंपिकनंतर ओस पडलेली स्टेडियमं अथेन्सची आणि रिओची आपण छायाचित्रांत पाहिली आहेत. इथे तसं होऊ नये म्हणून आधीच विचार केलेला दिसतो.

पण दुसरी बाजूही इथेच दिसते. स्थलांतरित आणि बेघर लोकांच्या वस्त्या खेळांच्या आधी हटवल्या गेल्या. पॅरिस आणि आसपासच्या भागातून वर्षभरात १२ हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढलं, असं त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांचं म्हणणं. सरकारने ऑलिंपिकशी संबंध नाकारला. कालव्याच्या पुलाखाली जिथे पूर्वी तंबू होते असं मला सांगितलं, तिथे आता मोठे दगड रचून ठेवले आहेत, कोणी परत बसू नये म्हणून. मी त्या दगडांपाशी बराच वेळ उभी होते. नदीवरच्या खर्चाचं मी समर्थन करते, याचं मी करू शकत नाही. पाहुणे येणार म्हणून घरातल्या गरिबाला मागच्या दाराने काढणं हे कुठल्याही देशात लाजिरवाणंच.

पॅरिस यजमान कसं झालं तेही लक्षात घ्यायला हवं. २०२४ साठी हॅम्बुर्ग, रोम आणि बुडापेस्ट यांनी मधूनच माघार घेतली. उरले पॅरिस आणि लॉस एंजेलिस. म्हणून २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२४ आणि २०२८ एकाच वेळी दोघांना वाटून दिली. खर्चाच्या भीतीने शहरं पळत होती, म्हणून पॅरिसला अटी घालता आल्या.

६ ऑगस्ट, मंगळवार

आयफेल टॉवरच्या पायथ्याशी, शाँ द मार्सवर, तात्पुरत्या उभारलेल्या सभागृहात कुस्ती. पहिल्याच फेरीत विनेश फोगट विरुद्ध जपानची युई सुसाकी. टोकियोत एकही गुण न देता सुवर्ण जिंकलेली आणि आंतरराष्ट्रीय आखाड्यात ८२ लढतींत एकदाही न हरलेली. ड्रॉ पाहून आसपासच्या भारतीयांचे चेहरे पडले होते.

विनेश घाईच करेना. बचाव करत राहिली, निष्क्रियतेबद्दल गुण गेले, ०-२. शेवटच्या दहा सेकंदांत तिने सुसाकीचा पाय धरला आणि मॅटच्या कडेला तिला खाली आणलं. ३-२. सुसाकी मॅटवर बसूनच राहिली, तिला काय झालं ते समजत नव्हतं. मग युक्रेनच्या लिवाचला ७-५, संध्याकाळी क्यूबाच्या गुझमानला ५-०. अंतिम फेरीत पोचलेली पहिली भारतीय महिला कुस्तीगीर. वर्षभरापूर्वी, २८ मे २०२३ ला, दिल्लीच्या रस्त्यावर पोलिसांनी हिला फरफटत नेलं होतं. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत त्या मुली जंतरमंतरवर बसल्या होत्या. ती मुलगी आज इथे.

७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी फोनवर बातमी. दुसऱ्या दिवशीच्या वजनात १०० ग्रॅम जास्त. अपात्र. रात्रभर ती धावली, सॉनात बसली, केससुद्धा कापले, तरी पन्नास किलोच्या काट्याखाली ती येईना. नियम असा की दुसऱ्या दिवशी वजन चुकलं तर आदल्या दिवशीचे विजयही पुसले जातात आणि नाव शेवटच्या क्रमांकावर. म्हणजे रौप्यही नाही. पुढे क्रीडा लवादाने तिचं अपील फेटाळलं. सगळ्यांना सारखा नियम हवा हे मान्य. पण काल नियमात बसून जिंकलेल्या तीन लढती आज पुसून टाकणारा नियम न्याय्य आहे, असं मला वाटत नाही. हातातोंडाशी आलेला घास जाणं म्हणजे काय, ते दिवसभर पॅरिसमधल्या प्रत्येक भारतीयाच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

रात्री स्टाद द फ्रान्स. जांभळा ट्रॅक, तुडुंब भरलेली गॅलरी आणि तीन हजार मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी. अविनाश साबळे. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे गाव, आईवडील वीटभट्टीवर राबणारे, शाळा सहा किलोमीटर लांब, म्हणून धावत जायचं. पुढे सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनलाही राहून आलेला. महिन्याभरापूर्वी पॅरिसमध्येच त्याने ८:०९.९१ चा राष्ट्रीय विक्रम केला होता.

पाण्याच्या अडथळ्यापासून मी फार लांब नव्हते. पंधराएक धावपटू एकदम आले की आधी बुटांचा धप्प आवाज येतो, मग पाणी. प्रत्येक फेरीत बूट जड होत जातात. शेवटच्या फेरीत इथिओपियाचा लमेचा गिर्मा अडथळ्याला अडखळून डोक्यावर आपटला आणि बेशुद्ध झाला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. मोरोक्कोचा सुफियान एल बक्काली पुन्हा विजेता. अविनाश ८:१४.१८ मध्ये अकरावा. अकरावा म्हणून कोणी फेटा बांधणार नाही. पण मांडव्याच्या वाटेवरून या जांभळ्या ट्रॅकवर येऊन जगातल्या पंधरा-सोळांत उभं राहणं माझ्या लेखी छोटं नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

दुपारी हॉकीचं कांस्य, स्पेनला २-१. श्रीजेशचा शेवटचा सामना. रात्री भालाफेक.

पाकिस्तानच्या अर्शद नदीमने दुसऱ्या फेकीत ९२.९७ मीटर टाकला. नॉर्वेच्या थॉर्किल्डसेनचा २००८ चा ९०.५७ चा ऑलिंपिक विक्रम दोन मीटरहून अधिक फरकाने मोडला. स्टेडियममध्ये एक क्षण कोणी ओरडलंच नाही, आकड्यावर विश्वास बसेना. नीरज चोप्राने लगेच ८९.४५ टाकला, आणि त्याची तेवढी एकच फेक वैध ठरली. रौप्य. पाकिस्तानचा संघ होता सात जणांचा. १९९२ नंतर त्यांना पदकच नव्हतं. २०२४ च्या मार्चमध्ये नदीमकडे चांगला भाला नसल्याची बातमी आली, तेव्हा नवल आणि काळजी जाहीरपणे व्यक्त करणारा होता नीरजच. सुरुवातीच्या काळात गावकऱ्यांनी वर्गणी काढून नदीमला स्पर्धांना पाठवलं होतं. माझ्यामागे हिरवा झेंडा घेतलेलं एक कुटुंब होतं. त्यांनी आमच्याकडे तिरंगा मागितला, फोटोसाठी. दिला. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

ला व्हिलेत उद्यानातलं इंडिया हाउस. भारताचं असं दालन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच. सगळीकडे २०३६ ची चर्चा. भारताला ते यजमानपद हवं आहे, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात जाहीर केलं होतं. तिथे बसून मी वहीत एक आकडेमोड केली होती, नंतर पक्के आकडे आल्यावर ती पुन्हा तपासली. पॅरिससाठीच्या तीन वर्षांत आपल्या खेळाडूंच्या तयारीवर केंद्राने सुमारे ४७० कोटी रुपये खर्च केले. पॅरिसच्या आयोजनावर फ्रान्सच्या सरकारी तिजोरीतून गेले सहा अब्ज युरोंच्या वर, म्हणजे ५० हजार कोटींहून जास्त रुपये. तेही बहुतेक स्टेडियमं आधीच उभी असताना. शंभरपटीचा फरक. आपल्याला नवीन किती बांधावं लागेल, याचा विचार करा. मला ऑलिंपिक भारतात बघायचं आहेच. पण ४७० चे आधी काही हजार होऊ देत, तालुक्याच्या गावी ट्रॅक आणि रेंज होऊ देत, वजनाच्या काट्यापाशी मुलीबरोबर उभा राहणारा तज्ज्ञ चमू होऊ दे.

रात्री कुस्तीत अमन सेहरावतचं कांस्य. वय अवघं २१.

११ ऑगस्ट, रविवार

महिलांची मॅरेथॉन. मार्ग व्हर्सायला जाऊन परत, ५ ऑक्टोबर १७८९ ला भाकरीसाठी पॅरिसच्या बायका ज्या वाटेने राजाकडे चालून गेल्या त्या वाटेने. चढ इतके कठीण की ऑलिंपिकच्या इतिहासातल्या अवघड मार्गांत याची गणना झाली. अँव्हालीदपाशी मी दोन तास आधीच जागा धरली. शेवटच्या वळणावर नेदरलँड्सची सिफान हसन आणि इथिओपियाची तिग्स्त असेफा एकमेकींना खांदे लावत आल्या. हसनने आतल्या बाजूने मुसंडी मारली. २:२२:५५, ऑलिंपिक विक्रम. याच मुलीने याच स्पर्धेत ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं होतं. ६२ किलोमीटरहून जास्त शर्यत, एका पंधरवड्याच्या आत.

समारोपात तिने हिजाब घालून सुवर्ण स्वीकारलं. फ्रान्सच्या स्वतःच्या खेळाडूंना ती मुभा नव्हती. धावपटू सुंकांबा सिला हिला उद्घाटनाला केस झाकायला टोपी घालावी लागली. रशिया-बेलारूसचे मोजके खेळाडू झेंड्याशिवाय आले, इस्रायलचा संघ झेंड्यासकट आला, आणि कोणाला कुठला नियम यावर पंधरा दिवस वाद चालूच राहिला.

१२ ऑगस्ट, सोमवार

विमान दुपारचं होतं. सकाळी शाँ द मार्सवर एक फेरी मारली. कामगार आणि ट्रक जागेवरच होते, कारण २८ ऑगस्टपासून पॅरालिंपिक. तिकीटविक्री अजून चालू होती, आणि किमती ऑलिंपिकपेक्षा बऱ्याच कमी. भारताची ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, पाच कांस्य झाली होती. पुढे पॅरालिंपिकमध्ये २९ पदकं आली, सात सुवर्णांसह. त्यातलं एक रौप्य सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारीचं, हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळाफेक, त्याच स्टाद द फ्रान्समध्ये. ते मी पडद्यावर पाहिलं. लॉस एंजेलिस २०२८ ला जमलं तर पॅरालिंपिकची तिकिटं आधी काढणार आहे.